आईच्या वह्या, माझं पुस्तक आणि मधलं एक वर्ष

पुस्तक छापून घरी आलं, ग्रंथालयांना पाठवायच्या प्रती गेल्या, वितरकाचा पहिला हिशोबही परवा हातात पडला. या वर्षभरात बऱ्याच जणांनी विचारलं, स्वतःचं पुस्तक स्वतः काढायचं तर नेमकं काय काय करावं लागतं, खर्च किती येतो, कुठे अडतं. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते. मध्ये आईचं दुखणं आहे, लता मंगेशकरांचं जाणं आहे. ते वगळून सांगता येणार नाही, कारण पुस्तकाचं वेळापत्रक बरंचसं त्यांनीच ठरवलं.

पुस्तक आईच्या गाण्यांच्या वह्यांवर आहे. आई साताऱ्याची, माहेर आणि सासर दोन्ही तिथलंच. १९६३ मध्ये आकाशवाणीचं सांगली केंद्र सुरू झालं तेव्हा ती विशीत होती, आणि तेव्हापासून रेडिओवर लागलेलं आवडतं गाणं उतरवून घ्यायचा तिला नादच लागला. त्या पिढीतल्या अनेक बायकांकडे अशा वह्या असतील. आईची पद्धत अशी : पहिल्यांदा गाणं लागलं की ध्रुपद आणि हाताला येईल तेवढं कडवं लिहायचं. जे शब्द निसटले त्यांच्या जागी पेन्सिलीने टिंबं. पुन्हा कधी ते गाणं लागलं की टिंबांच्या वर शाईने शब्द, आणि समासात बारीक अक्षरात तारीख. काही टिंबं दोन-दोन वर्षांनी भरलेली आहेत, काही आजही तशीच आहेत. एका पानावर संगीतकाराच्या जागी 'आनंदघन' लिहून पुढे कंसात 'हे कोण?' असं विचारलंय. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना लताबाई हे नाव घेऊन संगीत देत होत्या, हे तिला नंतर कुठूनतरी कळलं असणार, कारण त्याखाली वेगळ्या शाईत फक्त 'लता!!' आहे. दोन उद्गारचिन्हं. पुस्तक लिहावंसं वाटलं ते या पानामुळे.

लेख २०२१ च्या गणपतीपर्यंत लिहून झाले होते. सप्टेंबरमध्ये दोन प्रकाशकांकडे गेले. एकांनी आवडल्याचं सांगितलं, पण करोनामुळे मागची पुस्तकंच तुंबली आहेत, दोन वर्षं तरी हात लावता येणार नाही म्हणाले. दुसऱ्यांनी तीनशे प्रती मी विकत घ्याव्यात अशी अट घातली. राग दोघांचाही आला नाही. पण आई ७८ वर्षांची, दोन वर्षं थांबणं मला परवडणारं नव्हतं. आणि तीनशे प्रती घ्यायच्याच असतील तर मग पाचशे आपणच का छापू नयेत, असा हिशोब मनात सुरू झाला. ज्यांचं हे पहिलंच पुस्तक असेल त्यांनी इथे थांबून राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना जरूर बघावी. माझं दुसरं पुस्तक असल्याने ती वाट मला बंद होती.

पहिलं मोठं काम म्हणजे परवानग्या. बहुतेकांना ते शेवटचं वाटतं. गाण्यांवरचं पुस्तक म्हटलं की पानोपानी ओळी येणार, आणि ओळी दुसऱ्याच्या असतात. आपल्याकडे 'दोन ओळी घेतल्या तर चालतात' असं सगळे छातीठोकपणे सांगतात, पण कायद्यात अशी कुठलीही मोजणी नाही. समीक्षेसाठी, चर्चेसाठी रास्त प्रमाणात अवतरण घेता येतं एवढंच आहे, आणि 'रास्त' म्हणजे किती हे प्रत्येक प्रकरणात वेगळं ठरतं. कवीच्या मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून साठ वर्षं हक्क राहतो. त्या हिशेबाने मी एक तक्ता केला. संतांच्या रचनांना प्रश्नच नाही. भा. रा. तांबे १९४१ मध्ये गेले, म्हणजे तेही मोकळे. गदिमा १९७७, म्हणजे २०३७ संपेपर्यंत हक्क आहे. पी. सावळाराम १९९७, शांताबाई शेळके २००२, म्हणजे आपल्या हयातीत तरी नाही. चित्रपटगीत असेल तर हक्क कवीच्या वारसांकडे की निर्मात्याकडे की ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीकडे, हे शोधण्यातच अर्धा जीव जातो.

पत्रं लिहिली. पत्रात पुस्तकाचं नाव, विषय, किती प्रती, किंमत, कुठली ओळ कुठल्या संदर्भात घेतली आहे आणि श्रेय कसं देणार हे सगळं एका पानात बसवलं, सोबत त्या त्या लेखाची प्रत जोडली. ही प्रत जोडणं फार उपयोगी पडलं. एका कवींच्या वारसांनी लेख वाचून फोनच केला, 'ओळ घ्या, पैसे नकोत, पुस्तक तेवढं पाठवा' म्हणाले. तेच मी त्यांच्याकडून दोन ओळींत लेखी घेतलं; फोनवरच्या होकाराला नंतर काही अर्थ राहत नाही. एका कंपनीने ओळीमागे जो आकडा सांगितला तो ऐकून ती ओळच काढून टाकली. काहींकडून उत्तर आलंच नाही. उत्तर न येणं म्हणजे संमती नव्हे, त्यामुळे त्याही ओळी गेल्या. गंमत म्हणजे लेख त्यामुळे सुधारले. ओळ देता येत नाही म्हटल्यावर आईने ती कशी ऐकली, कुठे चुकीची ऐकली, हे लिहावं लागलं, आणि पुस्तकाचा विषय तोच तर होता.

तुळशीचं लग्न झालं आणि त्याच आठवड्यात आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं.

एसटीचा संप सुरू होता. पुणे-सातारा एरवी काहीच वाटत नाही. स्वारगेटला जायचं, मिळेल त्या गाडीत बसायचं. त्या दिवसांत खाजगी गाड्यांनी मागतील तो दर आणि माणसं कोंबून भरलेली. दादा-वहिनी तिथे होते म्हणून निभावलं. शस्त्रक्रिया तिसऱ्या दिवशी झाली. बिल १ लाख ६८ हजारांचं. आईची आरोग्य विम्याची पॉलिसी होती, कॅशलेसही मंजूर झालं, पण ज्येष्ठ नागरिकांच्या बऱ्याच पॉलिसींत रकमेचा काही हिस्सा आपण भरायचा असतो, ते कलम दादाने आधीच वाचून ठेवलं होतं म्हणून धक्का बसला नाही. तो हिस्सा आणि हातमोजे, डायपर, नोंदणी शुल्क वगैरे विम्यात न बसणारं मिळून ४५ हजारांच्या पुढे खिशातून गेले. घरी सोडायच्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टरांनी 'जा' म्हटलं आणि विम्याची अंतिम मंजुरी येऊन बाहेर पडायला संध्याकाळचे सात वाजले. अशा दिवशी पेशंटजवळ एक आणि बिलाच्या खिडकीशी एक अशी दोन माणसं हवीत. आणि एक्स-रेच्या फिल्म मागून घ्या, त्या नंतर फिजिओथेरपीवाल्यालाही लागतात.

डिसेंबरभर पुस्तक बंदच होतं म्हणायला हरकत नाही. नाशिकला साहित्य संमेलन झालं, तिथे स्वतः पुस्तकं काढणारे चार जण भेटतील आणि विचारता येईल असा बेत होता, तोही राहिला. फक्त एक काम पुढे गेलं. आई पलंगावर, दहावीतली भाची तिच्याजवळ बसलेली. आई वह्या चाळून सांगायची आणि भाची कुठलं पान स्कॅनसाठी घ्यायचं याच्या चिठ्ठ्या लावायची. परीक्षा ऑनलाइन की ऑफलाइन, होणार की नाही, हेच ठरत नव्हतं, त्यामुळे तिलाही हा विरंगुळा होता. नाताळात मी वह्या पुण्याला आणल्या. जुन्या वह्यांच्या शिवणी कुजलेल्या असतात, स्कॅनरच्या काचेवर दाबल्या तर पानं सुटतात. म्हणून वरून फोटो काढणारा स्कॅनर असलेलं दुकान शोधलं. छपाईसाठी ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला तीनशे ठिपके, लागतं, मोबाइलवरच्या अ‍ॅपने काढलेली चित्रं चालत नाहीत. आणि हेही ध्यानात ठेवावं लागलं की हस्ताक्षर आईचं असलं तरी पानावरचं गाणं तिचं नाही. त्यामुळे अख्खं पान कुठेच छापलं नाही. टिंबं, तारखा, समासातली टिपणं दिसतील एवढाच भाग कापून घेतला.

त्या टिपणांसाठी मी आईकडूनही लेखी परवानगी घेतली. शब्द तिचे आहेत, हक्क तिचाच. ती वॉकर धरून टेबलापर्यंत आली, चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि दादाला म्हणाली, 'ही माझ्याच वहीसाठी मला अर्ज करते बघ.' पण सही अगदी कोरून केली.

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, त्याचा अर्ज जानेवारीत केला. भारतात तो क्रमांक मोफत मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो देते, अर्ज ऑनलाइन. स्वतः प्रकाशित करणाऱ्या लेखकासाठी वेगळा पर्याय आहे. ओळखपत्र, पुस्तकाचं शीर्षकपान आणि मुखपृष्ठ अपलोड करावं लागतं, म्हणजे अर्ज करायच्या आधी मुखपृष्ठ निदान कच्चं तरी तयार हवं. कोणी 'दोन हजारांत आयएसबीएन काढून देतो' म्हणालं तर नाही म्हणा. ई-बुक काढायचं असेल तर त्याला वेगळा क्रमांक लागतो. माझा क्रमांक काही आठवड्यांत ईमेलने आला. तोपर्यंत अक्षरजुळणी सुरू झाली होती.

अक्षरजुळणीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे वेळ खूप जातो आणि आधी कोणी सांगत नाही. आपण युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-संगणकावरच्या नेहमीच्या मराठीत, टाइप करतो. मराठी डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर पानं जुळवणारे, बरेचसे अजून श्रीलिपी या वेगळ्या, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतात, त्यांच्याकडे सुंदर टाइप तिथेच आहेत. युनिकोडमधून श्रीलिपीत मजकूर नेला की बहुतेक सगळं नीट येतं, पण 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' यांतला अर्धा र हटकून बिघडतो. कुठे रफार होऊन पुढच्या अक्षरावर चढतो, कुठे नुसता चौकोन. अवतरणचिन्हं उलटी होतात. 'अ‍ॅ' फुटतो. हे प्रूफ वाचताना एकेक करून पकडत बसण्यापेक्षा रूपांतर झाल्या झाल्या असे शब्द शोधून एकदम बदलून घ्यावेत. आमच्या डीटीपीच्या ताई याबाबतीत वाकबगार होत्या, त्यांनी अशा शब्दांची यादीच करून ठेवली होती. आणि मुद्रितशोधनाला बाहेरचं माणूस नेमा, नेमाच. आपल्या मजकुरातली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पानामागे २० रुपये, दोन वाचनं.

११ जानेवारीला बातमी आली, लताबाईंना करोना झाला आहे, ब्रीच कँडीत अतिदक्षता विभागात आहेत. तिसरी लाट जोरात होती, घरोघरी कोणी ना कोणी तापाने पडलेलं. मधे बरं वाटत असल्याच्या बातम्या आल्या. आई रोज संध्याकाळी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारायची, स्वतःच्या पायाचं नंतर सांगायची. ५ फेब्रुवारीला वसंतपंचमी होती, त्या दिवशी पुन्हा प्रकृती ढासळल्याचं कळलं. ६ तारखेला रविवारी सकाळी त्या गेल्या. वय ९२.

मी पुण्यात होते, समोर दुसऱ्या प्रूफांचा गठ्ठा. साताऱ्याहून भाचीचा फोन आला, 'आत्या, आजीने टीव्ही बंद करायला लावलाय, रेडिओ लाव म्हणतेय, आणि वह्या कुठायत विचारतेय.' वह्या माझ्याकडे. आईने फोन घेतला. मला वाटलं रडेल. तिने सांगितलं, हिरव्या पुठ्ठ्याची वही काढ, शेवटून चौथं-पाचवं पान, तिथे एक यादी आहे ती वाच. सांगली केंद्रावर एका दिवाळीत लागलेल्या गाण्यांची यादी होती, नुसत्या पहिल्या ओळी. मी वाचत गेले. मधेच तिने थांबवलं, 'हे लताचं नाही, आशाचं आहे, मी बाजूला लिहिलंय बघ.' लिहिलेलं होतं. पानभर झाल्यावर म्हणाली, 'बरं, ठेव आता. दादाने चहा आणलाय.' पुढे कधीतरी तिने विचारलं, मंगेशकर सांगलीत राहायचे ते घर कुठल्या भागात होतं, ते तुझ्या पुस्तकात आहे का. नव्हतं. माझ्या पुस्तकाचा तो विषयच नव्हता.

दुपारी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीतून फोन. तुम्ही गाण्यांवर लिहिताय असं कळलं, सातशे शब्द, चार वाजेपर्यंत. हो म्हटलं. अशी वेळ कोणावर आली तर माझ्या अनुभवातून एवढंच सांगते : मोबाइलवर फिरणारा कुठलाही आकडा लेखात घालू नका. लताबाईंनी किती गाणी गायली यावरून तर गिनेसच्या जुन्या नोंदीपासून वाद आहेत, ती नोंद पुढे काढूनही टाकली गेली. जन्म २८ सप्टेंबर १९२९, इंदूर, भारतरत्न २००१, एवढ्या तारखा पडताळल्या आणि बाकी फक्त आईच्या वहीबद्दल लिहिलं. संध्याकाळी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले ते टीव्हीवर पाहिले तोवर लेख गेलेला होता. दुसऱ्या दिवशी राज्यात सार्वजनिक सुट्टी होती, बँका बंद, त्यामुळे डीटीपीचा चेक एक दिवस पुढे गेला. असल्या बारीकसारीक गोष्टी का लक्षात राहतात कोण जाणे.

लेख छापून आल्यावर जे सुरू झालं त्याची मला कल्पना नव्हती. लोकांनी पुस्तकाबद्दल विचारलं, ते चांगलंच. पण ओळखीतल्या, पुस्तकाच्या धंद्यातल्या दोघा-तिघांनी अगदी आपुलकीने सल्ला दिला, की आता थांबू नका. महिन्याच्या आत काढा. मुखपृष्ठावर त्यांचा फोटो टाका, नाव बदलून त्यात 'लता' येऊ द्या, हजार प्रती सहज जातील. एका मित्राने तर फोटोही पाठवले. छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराचा असतो, इंटरनेटवर दिसला म्हणून उचलता येत नाही, हे कायद्याचं कारण माझ्याकडे तयार होतं आणि लोकांना मी तेच सांगत राहिले. खरं कारण वेगळं होतं. सतरा लेखांपैकी लताबाईंवर नेमके तीन. बाकीचे आईच्या कानांवर, तिच्या टिंबांवर, सांगली केंद्राच्या निवेदकांवर, बॅटरी संपत आलेल्या ट्रान्झिस्टरवर. त्या पुस्तकावर लताबाईंचा फोटो लावणं म्हणजे वाचकाला फसवणं झालं असतं. शिवाय दहा-पंधरा दिवसांत पेठांमधल्या दुकानांत तशी पुस्तकं दिसायलाही लागली. घाईत काढलेली काही कळूनही येत होती.

तरीही एक प्रश्न उरलाच. एका लेखात 'लताबाई आता नव्वदीत आहेत' असं वाक्य होतं, दुसऱ्यात आई म्हणते, 'तिला एकदा पत्र लिहायचं राहिलंय.' हे सगळं भूतकाळात करायचं का? मुद्रितशोधकांनी पानोपानी पेन्सिलीने प्रश्नचिन्हं केली होती. मी एकही क्रियापद बदललं नाही. प्रत्येक लेखाखाली तो लिहिल्याचा महिना आणि वर्ष घातलं, आणि मनोगतात दोन वाक्यं वाढवली. आईच्या तारखांच्या वहीवरच्या पुस्तकाला ते शोभूनही दिसलं.

कॉपीराइट नोंदणीचा अर्ज याच सुमारास केला. नोंदणी सक्तीची नाही, लिहिल्या क्षणी हक्क आपलाच असतो. पण उद्या वाद झालाच तर कागद हाताशी असावा. साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क, अर्ज ऑनलाइन. लगेच डायरी क्रमांक मिळतो, मग कोणाचा आक्षेप येतो का यासाठी तीस दिवस थांबावं लागतं, त्यानंतर छाननी. मला पुढे ज्या शंका विचारल्या गेल्या त्या वहीतल्या चित्रांबद्दल होत्या. आईचं ते कोरून सही केलेलं पत्र तिथे कामाला आलं.

आता छपाई. मापाची कल्पना यावी म्हणून सांगते : डेमी हा पुस्तकांचा नेहमीचा आकार, १७६ पानं, म्हणजे सोळा पानी अकरा फर्मे (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं). पानांची संख्या सोळाच्या पटीत बसवली तर कागद वाया जात नाही; आमची १७९ होत होती, अनुक्रमणिका आणि श्रेयपान आवळून तीन पानं कमी केली. डिसेंबरात मुद्रकांनी ५०० प्रतींचा अंदाज ५२ हजार दिला होता. फेब्रुवारीअखेर युक्रेनचं युद्ध सुरू झालं, कागद आधीच महाग होत होता तो आणखी भडकला. मार्चमध्ये मुद्रक म्हणाले, 'ताई, आज सांगितलेला भाव आठ दिवस धरा, पुढचं मी सांगू शकत नाही.' गुढीपाडव्याला पुस्तक यावं अशी इच्छा होती. त्याच दिवसांत भाचीची दहावी, १५ मार्च ते ४ एप्रिल, दोन वर्षांनी पहिल्यांदा वर्गात बसून. वहिनी तिच्या परीक्षेत गुंतलेली, दादा नोकरीत, आईला आंघोळीपासून मदत लागायची. मी साताऱ्यातच जाऊन राहिले. पाडवा गेला. छपाईला एप्रिलच्या मध्यात परवानगी दिली तेव्हा आकडा ६१ हजार ५०० झाला होता. कागदाचे पैसे आगाऊ देऊन भाव बांधून घेता येतो, ज्यांना शक्य असेल त्यांनी तसं करावं. मला तेव्हा शक्य नव्हतं, हॉस्पिटलच्या खर्चाने हात आखडलेला होता.

एक आवर्जून : पूर्ण छपाईच्या आधी एक डमी, म्हणजे नमुना प्रत, बांधून मागा. आमच्या डमीत पेन्सिलीची टिंबं जवळजवळ नाहीशी झाली होती. स्कॅन उत्तम, पण नॅचरल शेडच्या, म्हणजे पिवळसर, कागदावर फिकट राखाडी रंग उठत नाही. चित्रं गडद करून घेतली. डमीशिवाय पाचशे प्रती छापल्या असत्या तर टिंबांवरच्या पुस्तकात टिंबंच दिसली नसती.

मेच्या पहिल्या आठवड्यात पुस्तकं आली. समारंभ केला नाही. एकूण खर्च असा : अक्षरजुळणी ८,८००, मुद्रितशोधन ७,०४०, मुखपृष्ठ ७,०००, छपाई-बांधणी ६१,५००, स्कॅनिंग, टपाल, प्रवास वगैरे धरून ९२ हजारांच्या आसपास. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, पण छपाईच्या बिलात तो येतो आणि आपण नोंदणीकृत नसलो तर परत मिळत नाही, हे गृहीत धरा. म्हणजे एक प्रत पडली १८४ रुपयांना. किंमत ठेवली २५०. वितरक ४५ टक्के घेतात. गुणाकार करून बघा, त्यांच्यामार्फत गेलेल्या प्रत्येक प्रतीत मला घाटाच आहे. मी थेट २२० रुपयांना दिलेल्या प्रतींवर थोडेफार सुटतात. हे माहीत असूनच वितरकाकडे दीडशे प्रती दिल्या, कारण लातूर-अकोल्याच्या दुकानात पुस्तक दिसायला दुसरा मार्ग माझ्याकडे नाही.

पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत चार ठिकाणी स्वखर्चाने प्रत पाठवावी लागते : कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईत एशियाटिक सोसायटीत असलेलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. १९५४ चा कायदा आहे. दंड किरकोळ आहे म्हणून अनेक जण टाळतात, पण आपलं पुस्तक तिथे कायमचं राहतं याचं मोल दंडापेक्षा जास्त आहे. नोंदणीकृत बुकपोस्टने पाठवलं; तेव्हा पाकीट एका बाजूने उघडं ठेवून दोऱ्याने बांधावं लागायचं, चिकटवलं तर साध्या पार्सलचा दर लावायचे. पावत्या जपून ठेवा.

भाचीला दहावीला चांगले मार्क मिळाले, अकरावीला प्रवेश झाला. वह्यांतल्या गाण्यांची फक्त सूची, पहिली ओळ आणि आईने टिपलेली तारीख अशी, तिला संगणकावर करायची आहे.  आई आता काठीने चालते, जिना टाळते. वह्या तिच्या कपाटात परत गेल्या आहेत. कॉपीराइटचं प्रमाणपत्र अजून आलेलं नाही. वितरकाचा हिशोब ६३ प्रतींचा आला, पैसे दिवाळीनंतर देतो म्हणालेत.

पुस्तक आईने भिंग घेऊन वाचलं आणि टाइप बारीक असल्याची तक्रार केली. पुढच्या आवृत्तीत मोठा कर म्हणाली. पुढची आवृत्ती निघेल की नाही हे कोणाला ठाऊक, तरी मुद्रकांना विचारून ठेवलं. बाराऐवजी तेरा पॉइंट घेतला तर दोन फर्मे वाढतात, आणि आजच्या कागदाच्या भावात किंमत तीनशेच्या खाली ठेवता येणार नाही. आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, 'मग तीनशे ठेव.'